पाच पायल्यांना अकरा शेर

“पायलीमागे अर्धा शेर तरी कुठे जातोय, ते बघा एकदा,” काकी आत माजघरात म्हणाली. आवाज बारीक केलेला होता, पण त्या घराच्या मधल्या भिंती कुडाच्या होत्या आणि त्यांतून बारीक केलेला आवाजच जास्त नीट ऐकू यायचा. मी मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसले होते. समोर अंगणात भीमाआत्या उखळात तांदूळ सडत होती. मुसळ वर गेलं, क्षणभर वरच राहिलं आणि मग पडलं. एवढ्यावरून मला कळलं की तिनेही ऐकलं. तिने मान वर केली नाही. पुढचे सगळे घाव पहिल्यासारखेच पडत राहिले, आणि मीही वाल सोलत राहिले.

ते घर अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचं. थळ आणि किहीम यांच्या मधे, नारळीच्या वाडीत. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. वडील एका आगबोटीच्या कंपनीत कारकून होते, त्यांची एडनला बदली झाली आणि मी मुंबईच्या इंग्रजी शाळेचं शेवटचं वर्ष संपवून, एक पत्र्याची पेटी घेऊन, रेवसच्या धक्क्यावर उतरले. दोन वर्षं भावाकडे राहील, असं वडिलांनी ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी होऊन काही बोलणाऱ्यातली नव्हते. शाळेत मला सगळे घुमी म्हणत. अप्पांच्या घरी तर बोलण्याचा प्रश्नच उरला नाही. माझं मराठी पुस्तकी होतं. मी तोंड उघडलं की काकी पदराआड हसायची आणि संध्याकाळी विहिरीवर माझी वाक्यं शेजारणींना करून दाखवायची.

त्या घराचे आवाज मला अजून वेळेनुसार सांगता येतील. पहाटे घिरटाची घरघर, म्हणजे भात भरडायच्या लाकडी जात्याची. आत्या एकटीच ते ओढायची. मग सुपाचा आवाज, पाखडण्याचा. मग उजाडल्यावर उखळ. दुपारी वारा सुटला की झावळ्या एकमेकींवर घासायच्या आणि त्यांच्या मागे समुद्र, जो दिवसा फारसा ऐकू येत नसे. जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, आमसुलाचं सार आणि भात. भात सगळ्यात शेवटी यायचा आणि त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. आत्या विधवा, तिला सुकट वर्ज्य. ती सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसून सार आणि भात खायची. ती अप्पांची सख्खी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर परत आली होती, सोबत एक मुलगी होती, ती पुढे किहीमला दिली. कुसुम तिचं नाव. कुसुमचं सासरी खाण्यापिण्याचे हाल आहेत, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. काकीने तो अर्धा शेर मनातल्या मनात कुठे पोचवला होता, हे त्यामुळे वेगळं सांगायला नको.

अप्पा तरुणपणी गावच्या शाळेत मास्तर होते. शेती वाट्याला आल्यावर त्यांनी शाळा सोडली, पण शाळेने त्यांना सोडलं नव्हतं. पावकी, निमकी, दिडकी त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी, पानावर बसल्यावर, काकीने भाताची पळी माझ्या पानावर आणली तशी त्यांनी हात वर केला.

“थांब. आधी बघू मडमेला काय येतं. सात मजूर तीन दिवसांत एकवीस वाफे लावतात. पाच मजूर चार दिवसांत किती?”

काकीची पळी हवेत. त्यांनी आपला कालवलेला घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाले, “इंग्रजीत विचारू? मला येत नाही.” काकी हसली. पळी परत पातेल्यात गेली. त्या दिवशी मी भाताशिवाय उठले.

दुसऱ्या दिवशी मी आपली पाटी शेजारी ठेवून जेवायला बसले. आमच्या शाळेत एक उंच, खोकणारी बाई गणित शिकवायची. ती म्हणायची, जे हरवलं आहे त्याला आधी नाव द्या. मग हरवलेल्याला एक्स लिहायचं, दोन जोड्या समोरासमोर मांडायच्या आणि तिरक्या रेघांनी वरचं खालच्याशी, खालचं वरच्याशी गुणायचं. मधे फुली तयार होते. उरलेल्या एकाने भागलं की हरवलेलं हातात येतं. अप्पांनी गणित घातलं, मी पाटीवर फुली मारली आणि उत्तर सांगितलं. त्यांनी ते मनाशी ताडून पाहिलं. पाटी हातात घेतली, तिरकी धरली.

“हे त्रैराशिकच की. नुसतं पोलकं घातलंय त्याला.” मग काकीकडे बघून म्हणाले, “वाढ तिला.”

त्यांनी मला नियम पाठ करायला लावला, तो माझ्या शाळेतल्यापेक्षा चांगला होता हे मला आजही कबूल करावं लागतं. पहिलं ते प्रमाण, दुसरं ते फळ, तिसरी ती इच्छा. प्रमाण आणि इच्छा एका जातीची हवीत. मजुरांसमोर मजूर, वाफ्यांसमोर वाफे. जात जुळली नाही तर उत्तर येतं, पण ते कशाचंच उत्तर नसतं. हे शेवटचं वाक्य ते बोट हलवून म्हणायचे.

तर अशी रोज एक फुली आणि त्यावर एक पळी भात. काही दिवसांनी अप्पा पाटीकडे न बघताच मान हलवू लागले. एकदा त्यांनी आलेल्यागेलेल्यासमोर म्हटलं, “आमच्या मडमेचं गणित चुकत नाही.” मला ते आवडलं. खोटं कशाला लिहू, फार आवडलं. त्या घरात मला दुसरं कुणी काही म्हणत नव्हतं. मी आकडे सोडून काही बोलत नसे आणि आकडे बोलले की जेवायला मिळे. दोन महिन्यांत माझी अशी अवस्था झाली की प्रश्न कानावर पडायच्या आत उत्तर जिभेवर यायचं, आणि ते कशाबद्दल आहे हे नंतर कळायचं.

काकीच्या त्या बोलण्यानंतर अप्पांनी एक परीक्षा केली. वरच्या शेताच्या कणगीतून पाच पायल्या भात काढलं, काकीला समोर बसवून आत्याकडून ते कांडून घेतलं आणि तांदूळ स्वतः मापला. पायली म्हणजे आमच्याकडे चार शेर. पाच पायल्या भाताला अकरा शेर तांदूळ निघाला. चार दिवसांनी दुपारच्या पानावर, आत्या चुलीपाशी भाकरी थापत असताना, त्यांनी मला विचारलं.

“पाच पायल्यांना अकरा शेर. चाळीस पायल्यांना?”

“अठ्ठ्याऐंशी,” मी म्हटलं. पाटीला हातही लावावा लागला नाही.

“बरोबर. आणि आजवर कांडून निघाला सत्तर. बाकी?”

“अठरा.”

“एका माणसाला शेरभर तांदूळ दोन दिवस पुरतो. दोन वेळचा. एकच वेळ जेवलं तर शेर भरून यायला?”

“चार दिवस.”

“मग अठरा शेर?”

“बाहत्तर.”

भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता, आणि तेव्हा कुठे मला कळलं की आपण काय काढून दिलं.

“ऐकलंस ना भीमे,” अप्पा म्हणाले, मागे न वळता. “बाहत्तर दिवस. मी नाही काढले, मडमेने काढलेत. तिचं गणित चुकत नाही.”

“अण्णांनी...” आत्या काही बोलायला लागली. ती अप्पांना लहानपणापासून अण्णा म्हणत असे.

“मी काय म्हणतोय का तुला? आकडा म्हणतोय,” अप्पा म्हणाले. आणि काकी म्हणाली, “विधवेला रात्रीचं हवंच कशाला म्हणते मी. आमच्या पेणला नाही कुणी जेवत.” मग तिने माझ्या पानावर भात वाढला, रोजच्यापेक्षा जरा जास्त. मी तो खाल्ला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी तो सगळा खाल्ला.

दिवस मोजायचं कामही माझ्याकडेच आलं. पडवीतल्या सारवलेल्या भिंतीवर कोळशाने बाहत्तर लिहायचं, रोज सकाळी ओल्या बोटाने पुसायचं आणि एकाहत्तर, सत्तर असं उतरत जायचं. अप्पा जाता-येता बघायचे. आत्या पूर्वीसारखीच पहाटे घिरट ओढायची, दिवसभर राबायची आणि संध्याकाळी सगळ्यांना वाढून चुलीपाशी नुसती बसायची. पहिले काही दिवस ती ताक प्यायची. मग काकीच्या लक्षात आलं. माझ्याशी ती पहिल्यासारखीच बोलायची, माझ्या वेणीला तेल लावायची. तिचा हात डोक्यावर आला की मला पळून जावंसं वाटे.

एकदा कुसुम आली. किहीमहून किनाऱ्याने चालत आली होती, पाय गुडघ्यापर्यंत वाळूने भरलेले. आईला भेटून निघाली तेव्हा काकी ओटीवर आडवी उभी राहिली. “पिशवी बघू,” म्हणाली. कुसुमने पिशवी घट्ट धरली. एवढं काकीला पुरेसं झालं. तिने पिशवी हिसकावून अंगणात उलटी केली. दोन रताळी पडली, एक वाटाण्याएवढा गूळ कागदात बांधलेला आणि एक जुनी चोळी.

“रताळी कुठली?”

“माझीच आहेत मामी. आईला आणली होती. ती म्हणाली घेऊन जा, मला नको.”

काकीने रताळी उचलून आपल्या ओच्यात टाकली. “आमच्या दारातून आत आलेली वस्तू बाहेर जाते ती बघून जाईल,” म्हणाली. कुसुमने चोळी झटकली, गूळ शोधला, तो मातीत कुठे गेला ते सापडलं नाही. आत्या दारात उभी होती. तिने मुलीला फक्त एवढं सांगितलं, “भरतीच्या आत जा हो.” त्या रात्री बिरड्यात रताळ्याच्या फोडी होत्या.

चोविसाव्या दिवशी, भिंतीवर अठ्ठेचाळीस होते तेव्हा, अप्पांनी पुन्हा मापून घेतलं. मधल्या काळात तीस पायल्या भात कांडायला गेलं होतं. निघायला हवा होता सहासष्ट शेर, निघाला बावन्न. चौदा शेर कमी. चौदा चोक छप्पन्न. मी भिंतीवरचे अठ्ठेचाळीस पुसून एकशे चार लिहिले. आत्या शेजारी सूप घेऊन बसली होती. तिने आकड्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे किती झाले गं, बाय?” तिला वाचता येत नव्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, “बरं,” आणि पाखडायला लागली.

तिच्यापुढे तुसाचा ढीग पडला होता. मी तो कितीतरी वेळ बघत राहिले. वाईट वाटून नव्हे, काहीतरी जुळत नव्हतं म्हणून. मी पाटी घेतली. अप्पांचे पाच आणि अकरा बाजूला ठेवले आणि पहिल्यांदाच, कुणी न विचारता, स्वतःसाठी एक फुली मारली. चाळीस पायल्यांना सत्तर, तर तीस पायल्यांना किती? साडेबावन्न आले. खरा तांदूळ निघाला होता बावन्न. म्हणजे दोन्ही वेळेला आत्याचं प्रमाण तेच होतं, फक्त ते अप्पांच्या प्रमाणाशी जुळत नव्हतं. लेकीला मूठ मूठ तांदूळ बांधून देणारी बाई एकदा जास्त देईल, एकदा कमी देईल, एखाद्या आठवड्यात धीरच होणार नाही. पायली मोजून, हिशोबाने, दर वेळी सारखा भाग कोण चोरेल? चोरी अशी प्रमाणात होत नाही. प्रमाणात जे कमी होतं ते वस्तूतच कमी असतं.

घरात दोन कणग्या होत्या. वरच्या शेताची माळ्याखाली, आणि रोजच्या कांडणाची पडवीच्या कोपऱ्यात. मी दोन्हींतून मूठ मूठ भात घेतलं आणि दोन वाट्यांत पाणी घालून त्यात सोडलं. माळ्याखालचं तळाला गेलं. पडवीतल्या दर पाच दाण्यांतला एक वर तरंगत राहिला. मी एक तरंगता दाणा नखाने सोलला. आत काही नव्हतं.

खाडीकडच्या शेतावर काम करणारी पारू, आगरवाड्यातली, शेण घ्यायला परसात आली होती. तिने वाट्या पाहिल्या.

“पोचट हाय ते, बाय,” ती म्हणाली. “खारीचं भात. बांध फुटला ना श्रावनात, उधानाला. खारं पानी चढलं सगल्या शेतावर. त्याच्यात दाना कुठशी भरनार?”

“हे अप्पांना माहीत आहे?”

पारूने माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. “त्यांनीच टाकायला लावलं या कनगीत. वरच्याचं चांगलं भात यगलं ठेवा बोलले. न् बांध तरी का फुटला? सगली घरं मानसं धाडतात बांध घालाला, ज्याची जेवढी जमीन तेवढी मानसं. औंदा अप्पांची न्हाय आली. बोलले, गेल्या सालचा बांध हाय तसा बरा हाय. सगला गाव बोलतोय. तुमच्या घरात न्हाय बोलत का कोन?”

आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. अप्पांनी गावात सांगितलं होतं की आपल्या शेताला काही झालं नाही, पीक दरवर्षीसारखंच आहे. पीक दरवर्षीसारखं असेल तर तांदूळ कुणीतरी नेलेला असणार. एवढं सरळ होतं ते.

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी पाटी घेऊन तशीच उठले असेन. मी उठले नाही. मी दोन्ही वाट्यांतलं पाणी केळीला ओतलं आणि वाट्या जागेवर ठेवल्या. आठ दिवस मी गप्प राहिले. एकशे तीन, एकशे दोन, एकशे एक. रोज सकाळी बोट ओलं करून मी माझ्या अक्षरात खोटा आकडा लिहीत होते आणि तो खोटा आहे हे मला ठाऊक होतं. वडील एडनला, पत्राला महिना लागायचा. त्या घरातून मला काढलं तर मी कुठे जाणार, हा विचार तर होताच. पण त्याहून आतला विचार असा होता की, आमच्या मडमेचं गणित चुकत नाही, हे वाक्य मग पुन्हा कुणी म्हणणार नाही. माणूस कशासाठी गप्प राहतो ते इतकं लहान असू शकतं.

माझा संसार झाला, मुलं झाली, नातवंडं झाली, आणि या एवढ्या वर्षांत मी स्वतःच्या घरात तांदळाला माप ठेवलं नाही. ओंजळीने घेते. सुना हसतात, कधी भात उरतो, कधी कमी पडतो. कमी पडला तर मी पुन्हा टाकते.

त्या आठ दिवसांतल्या सातव्या दिवशी आत्या उखळापाशी पडली. मुसळ वर घेतलं आणि तिला अंधारी आली असावी. ते तिच्याच पायावर आलं. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट चेचलं गेलं. हळद आणि चुना लावून चिंधी बांधली. ते बोट कायमचं वाकडं राहिलं. पुढे ती किहीमला कुसुमकडे गेली तेव्हाही लंगडतच असे आणि सहा वर्षांनी वारली तेव्हा तिच्या पायांकडे बघण्याचं मला धैर्य झालं नव्हतं. पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. अंगात ताप होता. मी तिला म्हटलं, “आत्या, ते भात पोचट आहे.”

“मला कळत नाही होय?” ती म्हणाली. “पहिल्या दिवशीच कळलं. भरलेल्या दाण्यावर मुसळ पडलं की ते हाताला सांगतं. हे नुसतंच खाली जातं.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“मी बोलले तर ती चोराची बोली होते, बाय.” तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाली, “तुझं ऐकतात ते.”

ती मला बोल म्हणाली नाही. रागावली असती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेणहून काकीचे भाऊ आले. आम्ही त्यांना नानामामा म्हणत असू. भारदस्त माणूस, कानावर केस, गावोगाव ओळखी. त्यांच्यासाठी वरच्या शेताचा तांदूळ शिजला होता, पांढरा, मोकळा, वासाचा. आत्या दाराआड भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढे पसरून. दुपारचं जेवणही तिने अजून घेतलं नव्हतं, कारण पाहुणे उठल्याशिवाय ती जेवत नसे. मी पानावर बसले तेव्हा माझ्या पदराच्या गाठीत मूठभर भात होतं, पडवीच्या कणगीतलं. सकाळी बांधलं होतं. त्याचं काय करणार हे मला माहीत नव्हतं. शहाण्णव लिहून झालं आणि हात आपोआप कणगीत गेला, एवढंच.

“ही शंकरची मुलगी ना? फार हुशार म्हणे,” नानामामा म्हणाले. शंकर माझे वडील.

“विचारा काहीही,” अप्पा म्हणाले. “मुंबईहून मडम आणलीय आम्ही.” मग त्यांना स्वतःलाच राहवेना. “मीच विचारतो. हे उलटं आहे बघ, व्यस्त, नीट ऐक. दिवसाला पाव शेर वाचला तर शहाण्णव दिवस. दिवसाला अर्धा शेर वाचवला तर?”

काकी पळी घेऊन माझ्या पानासमोर थांबली. त्यातून वाफ येत होती. माझ्या जिभेवर अठ्ठेचाळीस आले होते. ते तिथे आले तेव्हाच मला कळलं की दिवसाला अर्धा शेर म्हणजे आत्याचा सगळाच्या सगळा भात.

“बसूनच आहे ती आता,” अप्पा नानामामांना समजावून सांगत होते, शांतपणे, जसं हवेबद्दल बोलावं. “कांडण नाही, काही नाही. आंबील दिली नाचणीची तरी पुरे. लवकर सुटेल बिचारी. किती गं, मडमे? अडलीस का?”

मी पदराची गाठ सोडली. अप्पांच्या पानाशेजारी त्यांचा पाण्याचा पेला होता, पितळेचा, रुंद तोंडाचा. मी मूठ त्यात रिकामी केली. काही दाणे त्यांच्या भातावर पडले. बरेचसे खाली गेले. बाकीचे वर गोळा झाले, हलले आणि पेल्याच्या काठाला लागून राहिले. नानामामांनी वाकून पाहिलं. ते शेतीतले होते, त्यांना कुणी सांगायला लागलं नाही.

“हे काय?” काकी म्हणाली.

“पडवीतल्या कणगीतलं भात आहे,” मी म्हटलं. माझाच आवाज मला कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटला. “पाच पायल्यांना अकरा शेर हे वरच्या शेताचं प्रमाण. आत्याला कांडायला दिलंत ते फुटल्या बांधाचं. अप्पा, प्रमाण आणि इच्छा एका जातीची हवीत. तुम्हीच पाठ करून घेतलंत. आणि तुम्हाला ठाऊक होतं.”

बाहेर झावळ्या घासत होत्या. अप्पांनी पेल्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बोटाने आपल्या भातावरचा एक दाणा उचलला, पानाबाहेर ठेवला, मग दुसरा. असे सगळे दाणे वेचले.

“मी तुला आकडा विचारला होता,” ते म्हणाले.

“शून्य,” मी म्हटलं. “आत्याकडे काही बाकी निघत नाही. काकी, मला वाढू नका. ती पळी आधी तिच्या पानावर न्या.”